दुसऱ्याच्या घरातली ड्यूटी

नव्या घरी ड्यूटी लागली की सिस्टर पेशंटच्या खोलीत शिरण्याआधी लिफ्ट बघतात. स्ट्रेचर आडवं मावेल का, नाही मावलं तर जिन्याच्या वळणावरून खुर्चीत बसवून उतरवता येईल का, हे त्या नजरेनंच मोजतात. वॉचमनला विचारतात, रात्री गेटला कुलूप लागतं का आणि किल्ली कुणाकडे असते. वर गेल्यावर चपला काढून, घरच्यांशी दोन शब्द बोलून झाले की पुढचे प्रश्न सुरू होतात. जवळचं चोवीस तास चालू असणारं हॉस्पिटल कोणतं? फाइल कुठे ठेवलीय? मुलाचा फोन लागला नाही तर निर्णय कोण घेणार? घरात इन्व्हर्टर आहे का? हा शेवटचा प्रश्न ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असलेल्या घरी आधी विचारायचा. एवढं झाल्यावर त्या हात धुतात आणि पेशंटजवळ जाऊन बसतात.

मी पुण्यात बी.एस्सी. नर्सिंगच्या चौथ्या वर्षाला आहे. हॉस्पिटलच्या पोस्टिंगमध्ये असे प्रश्न विचारायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. वॉर्डात ऑक्सिजन भिंतीतून येतो, क्रॅश कार्ट ठरलेल्या जागी उभी असते, हाक मारली की दुसरी सिस्टर धावत येते आणि मध्यरात्रीसुद्धा कुणीतरी निवासी डॉक्टर एखाद्या मजल्याच्या अंतरावर असतो. घरी १०८ ला फोन करायचा आणि रुग्णवाहिका दारात येईपर्यंत जे करायचं ते एकटीनं करायचं. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. त्याआधी घरी ड्यूटी करणाऱ्या नर्सेसनी काय केलं असेल, याचा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता.

ज्या सिस्टरांबरोबर मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीपासून सवड मिळेल तशी जात राहिले, त्यांनी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलं आहे. बरीच वर्षं आयसीयूत काढल्यावर त्या घरच्या ड्यूटीकडे वळल्या. घरच्यांची परवानगी घेऊनच मी गेले. त्यांचं किंवा पेशंटचं नाव इथे देत नाही. आजारपण ही त्या त्या घराची खासगी गोष्ट असते आणि ती तशीच राहायला हवी, हेही मी सिस्टरांकडूनच शिकले. एका घरातलं दुसऱ्या घरात त्यांच्या तोंडून कधी निघत नाही.

आमच्या वर्गात ‘ब्यूरोची ड्यूटी’, म्हणजे नर्स पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत मिळालेलं घरचं काम, म्हटलं की जरा पडलेल्या आवाजात बोलतात. सरकारी भरती, मोठं खासगी हॉस्पिटल, आखाती देश, हल्ली जर्मनी अशी स्वप्नांची उतरंड आहे आणि यातलं काहीच जमलं नाही तर घरोघरी जायचं, असा समज आहे. हा समज मला आता मुळातच चुकीचा वाटतो. आयसीयूत यंत्रांच्या मदतीनं जे समजतं, ते घरी डोळ्यांनी, हातांनी आणि कानांनी समजून घ्यावं लागतं. शिवाय ते सगळं घरच्यांना शिकवावंही लागतं, कारण बारा तासांनी सिस्टर निघून जाते आणि पेशंट तिथेच असतो.

कोथरूडच्या एका घरात पक्षाघात झालेले आजोबा आहेत. उजवी बाजू गेली आहे, बोलणं गेलं आहे, पण समज पूर्ण शाबूत आहे. मुलगा न्यू जर्सीला, लेक चार गल्ल्या पलीकडे राहते, घरात आजी. आजोबा डावा हात दाबून होकार देतात. सिस्टर कूस बदलताना आधी विचारतात, “आजोबा, आता डाव्या कुशीवर घेते, चालेल?” आणि त्यांच्या हातात हात देऊन थांबतात. बोटं आवळली गेली की मगच पुढे. संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल येतो. तो पहिल्यांदा सिस्टरांनाच विचारतो, “बाबांचं ऑक्सिजन किती आहे आज?” सिस्टर सांगतात, “सांगते, आधी त्यांच्याशी बोला,” आणि फोन आजोबांकडे वळवतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाविषयी सगळे त्याच्या डोक्यावरून बोलत असतात. हे थांबवणं हासुद्धा त्यांना आपल्या कामाचाच भाग वाटतो.

कूस बदलणं दर दोन तासांनी, हे आम्ही पहिल्या वर्षात पाठ केलेलं वाक्य. ते प्रत्यक्षात एकट्या बाईनं सत्तर किलोच्या माणसाच्या बाबतीत कसं करायचं, हे मी त्या घरात पाहिलं. सिस्टर पलंगाच्या ज्या बाजूला आजोबांचं तोंड करायचं त्या बाजूला उभ्या राहतात. पलीकडचा गुडघा दुमडून घेतात, पलीकडचा हात छातीवर आडवा आणतात, मग एक हात खांद्यामागे आणि दुसरा खुब्यामागे देऊन स्वतःच्या दिशेनं वळवतात. जोर पाठीतून लावायचा नाही, पाय फाकवून मांड्यांतून लावायचा. लुळ्या हाताला धरून कधीच ओढायचं नाही. पक्षाघाताच्या पेशंटचा खांदा स्नायूंनी सांभाळलेला नसतो, ओढलं की तो निखळतो आणि मग महिनोन्‌महिने दुखत राहतो. पूर्ण नव्वद अंशांत कुशीवर झोपवलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, म्हणून पाठीमागे उशी देऊन तीस अंशांच्या आसपास कलतं ठेवायचं. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली एक लांब उशी अशी की टाचा अधांतरी राहाव्यात. आजोबांना वर सरकवायचं असेल तेव्हा मात्र आजींना किंवा लेकीला हाक. खांद्यापासून मांड्यांपर्यंत आडवी घातलेली दुहेरी चादर दोघींनी दोन्हीकडून गुंडाळून धरायची आणि उचलून सरकवायचं. फरफटवलं की कातडी जागेवर राहते, आतलं मांस सरकतं आणि जखमेची सुरुवात आतून होते.

प्रत्येक वेळी कूस बदलली की त्या पाठ बघतात. माकडहाडाच्या वरची जागा, खुबे, टाचा, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू. पुस्तकात पहिल्या टप्प्याचा बेडसोर म्हणजे लाल चट्टा, जो बोटानं दाबल्यावर पांढरा होत नाही. पण पुस्तकातली चित्रं गोऱ्या कातडीची असतात. आपल्याकडच्या सावळ्या पाठीवर ती लाली अनेकदा दिसतच नाही. म्हणून सिस्टर हाताची मागची बाजू कातडीवर फिरवतात. आजूबाजूपेक्षा जागा गरम लागते का, कडक किंवा पिचपिचीत लागते का, आजोबांच्या चेहऱ्यावर कळ उमटते का. “अगं, डोळ्यांनी दिसायला लागला म्हणजे उशीर झाला,” असं त्यांनी मला सांगितलं आणि माझा हात धरून तिथे ठेवला. दोन जागांच्या उष्णतेतला तो फरक मला पहिल्यांदा कळलाच नाही. नंतर रोज पाठीवर हात फिरवता फिरवता कळू लागला.

आजींनी मेडिकलमधून हवेची गोल रिंग आणून ठेवली होती आणि त्या दिवसातून दोनदा पावडर लावून पाठीवरच्या दाबाच्या जागा चोळत असत. दोन्ही गोष्टी घरोघरी चालतात, दोन्ही मायेपोटी होतात आणि दोन्ही अपायकारक आहेत. रिंगमुळे मधली जागा मोकळी राहते, पण कडेच्या कातडीवर गोल दाब बसतो आणि मधला रक्तपुरवठाच तुटतो. चोळल्यानं आधीच नाजूक झालेल्या पेशी आणखी फाटतात. सिस्टर आजींना रागावल्या नाहीत. त्यांनी आजींच्या स्वतःच्या दंडाला बोटांनी वेढा घालून हलकंसं आवळलं आणि मधल्या कातडीकडे बघायला सांगितलं. रिंग त्याच दुपारी कपाटावर गेली. चोळण्याऐवजी आजींनी काय करायचं, तर कोरड्या मऊ कापडानं टिपून घ्यायचं आणि पायांना तेल लावायचं. आजींच्या हातांना काम हवं होतं, ते त्यांना मिळालं.

बेडसोर न होऊ देणं हे नर्सिंगमधलं सर्वांत न दिसणारं यश आहे. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ मधल्या मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं, अंथरुणावर होत्या. त्यांना बेडसोर झाला नाही, ही नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालातही आली आहे. केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी ते केलं. तिथे एका पाळीनंतर दुसरी पाळी होती, मेट्रन होत्या, आपल्या सहकारी भगिनीसाठी एकत्र उभी राहिलेली माणसं होती. हेच काम बंद दारामागे एकटीनं करणाऱ्या बाईची नोंद कुणी घेत नाही. जखम झाली नाही तर सांगण्यासारखं काही घडलंच नाही, असं वाटतं. आणि घरच्यांना वाटतं, एवढ्यासाठी सिस्टर कशाला हवी होती?

राइल्स ट्यूबचंही तसंच. नाकातून पोटात गेलेली नळी, तिच्यातून दर दोन-तीन तासांनी पातळ आहार. बघायला सोपं. पण नळी वर सरकून अन्न फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो आणि म्हाताऱ्या माणसाला तो पेलत नाही. नाकाशी नळीवर टेपची खूण असते. फीडच्या आधी ती जागेवर आहे का बघायचं. सिरिंजनं थोडा रस ओढून बघायचा. डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर आणि फीडनंतर तासभर तशीच. अन्न दट्ट्यानं ढकलायचं नाही, सिरिंज वर धरून आपोआप उतरू द्यायचं. नंतर पाणी सोडून नळी धुवायची. एकदा आजींनी सकाळच्या सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून तयार ठेवल्या होत्या. सिस्टरांनी वेष्टनं मागवून घेतली. त्यातल्या एका गोळीवर ‘एसआर’ लिहिलं होतं. ती दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. कुटली की दिवसाचा डोस एकदम रक्तात जातो. त्यांनी ती बाजूला काढली, डॉक्टरांना फोन करून पर्याय विचारला, तो चिठ्ठीवर लिहून मागवला आणि वहीत नोंदवला. सगळा प्रकार पाच मिनिटांत झाला. आजींना त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र वर्गात शिकवलेलं फार्माकॉलॉजी त्या खलबत्त्यापाशी पुन्हा नव्यानं वाचलं.

ही वही हा त्या घरातला सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. दोनशे पानी, पेनाची दोरी शिवणीला बांधलेली. “दु. २ – डावी कूस. पाठ कोरडी. २.१५ – फीड २००, पाणी ५०. ४ – उजवी कूस. लघवी ३५०, रंग गडद, पाणी वाढवले.” रात्रीची मावशी, लेक, फिजिओथेरपिस्ट, डॉक्टर सगळे तीच वही उघडतात. कॅथेटरच्या पिशवीतली लघवी गढूळ दिसू लागली तर ती कधीपासून, हे आठवणीवर सोडलेलं नसतं. लेक म्हणाली, पहिल्या आठवड्यात तिला ही लिहालिही फाजील वाटली होती. आता तीच रात्री वही चाळते.

घरी जाऊन शुश्रूषा करण्याला एक जुना, अभिमान वाटावा असा इतिहास आहे आणि तो आम्हाला परीक्षेपुरता शिकवतात. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात विल्यम रॅथबोन नावाचा व्यापारी होता. १८५९ मध्ये त्याची पत्नी वारली. तिच्या शेवटच्या आजारात मेरी रॉबिन्सन या नर्सनं घरी राहून तिची सेवा केली होती. आपल्यासारख्या सधन घरातही हे दुःख इतकं असह्य होतं, तर गरिबांच्या घरी काय होत असेल, या विचारानं रॅथबोननं रॉबिन्सनबाईंनाच तीन महिन्यांसाठी गरीब वस्तीतल्या आजाऱ्यांकडे पाठवायचं ठरवलं. महिन्याभरात त्या परत आल्या आणि म्हणाल्या, हे हाल बघवत नाहीत, मला मोकळं करा. त्यानं समजूत घातली. तीन महिने संपले तेव्हा त्यांनाच ते काम सोडवेना. रॅथबोननं फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला घेतला, शिकलेल्या नर्सेस पुरेशा नाहीत हे लक्षात आल्यावर लिव्हरपूलमध्ये प्रशिक्षणाची शाळा काढली आणि शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागाला नर्स दिली. पुढे १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांच्या वस्तीत लिलियन वॉल्ड यांनी घरोघरी जाणाऱ्या नर्सेसचं काम उभं केलं. रॉबिन्सनबाईंचा तो पहिला महिना मला फार जवळचा वाटतो. वॉर्डात आपण आजार बघतो. घरी त्या आजाराबरोबर भाडं, भांडणं, कर्ज, अंधारी मोरी हेही बघावं लागतं आणि नर्सनं यावर काय करायचं याचं उत्तर पुस्तकात नसतं.

आपल्या पुण्यातही याची मुळं आहेत. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि विधवा, परित्यक्ता बायकांना ससून हॉस्पिटलच्या आधारानं नर्सिंग शिकवण्याची सोय केली. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, मळमूत्र काढायचं, सोवळ्यात वाढलेल्या घरच्या बाईनं हे करायचं, म्हणजे त्या काळी केवढा विरोध झाला असेल! ज्या मुलींनी तेव्हा तो पांढरा पोशाख घातला, त्यांच्यामुळे आज मी माझ्या गावी ताठ मानेनं ‘नर्सिंग करते’ असं सांगू शकते.

आणि गडचिरोली. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं नव्वदच्या दशकात ३९ गावांत गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं. या आरोग्यदूत घरोघरी जाऊन नवजात बाळाचं वजन करत, श्वास मोजत, ऊब कशी ठेवायची हे आईला दाखवत आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर घरीच इंजेक्शन देत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभरातल्या आशा ताई बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी जातात, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. त्या आरोग्यदूत पदवीनं नर्स नव्हत्या. पण जे काम फक्त हॉस्पिटलच्या भिंतीत होऊ शकतं असं तज्ज्ञ धरून चालले होते, ते झोपडीत होऊ शकतं हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं. त्यांच्या कामातही आईला शिकवणं हा गाभा होता.

बाळासाठी ही व्यवस्था आहे. म्हाताऱ्या माणसासाठी नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं सुमारे १०.४ कोटी होती, एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के. महाराष्ट्रात ते प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे देशापेक्षा जास्त. त्यातल्या अंथरुणाला खिळलेल्यांकडे सरकारी नर्स ठरलेल्या दिवशी येते, असं आपल्या राज्यात सर्रास दिसत नाही. केरळात दिसतं. १९९३ मध्ये कोझिकोडला काही डॉक्टरांनी वेदनाशमनाचं छोटं केंद्र काढलं, लोकांनी ते आपलंसं केलं, २००८ मध्ये राज्यानं धोरण केलं आणि आज तिथल्या ग्रामपंचायती घरोघरी जाणाऱ्या नर्सचा खर्च उचलतात. आपल्याकडे पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून कॅन्सरच्या पेशंटना विनामूल्य आधार देतं, मुंबईत टाटा मेमोरियलच्या पथकातल्या नर्सेस घरी जातात. जिथे ही पथकं पोचतात तिथे माणसाचं शेवटचं आजारपण वेगळं होतं. पण बाकी महाराष्ट्रात ज्याला ब्यूरोचे पैसे परवडतात त्याला नर्स मिळते, बाकीच्यांच्या घरी सून किंवा मुलगी नोकरी सोडते.

शेवटच्या दिवसांतल्या एका घरीही मी सिस्टरांबरोबर होते. त्याबद्दल थोडंच लिहिते. काकूंचा कॅन्सर हाडांत गेला होता. मॉर्फिनच्या गोळ्या ठरलेल्या वेळी, दुखण्याची वाट न बघता. २०१४ मध्ये अंमली पदार्थांचा कायदा सुधारल्यापासून मॉर्फिन मिळण्यातले अडथळे कमी झाले आहेत, तरी घरच्यांच्या मनातली भीती तशीच असते. ‘सवय लागेल’ म्हणून काका एखादी गोळी लपवून ठेवत. सिस्टरांनी त्यांना गॅलरीत नेलं आणि पुढे काय काय होत जाईल ते सरळ सांगितलं. खाणं थांबेल, तेव्हा भरवायची जबरदस्ती करू नका. झोप वाढेल. हातपाय गार पडतील. श्वास मध्ये मध्ये थांबेल, मग पुन्हा सुरू होईल, घशात घरघर होईल. त्या घरघरीचा त्रास बघणाऱ्याला जास्त होतो. ओठ ओल्या कापडानं टिपत राहा, कानाशी बोलत राहा. काका सगळं ऐकून म्हणाले, “हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं हो.” काकू घरीच गेल्या, काकांनी १०८ ला फोन केला नाही, कारण करायचा नाही हे दोघांचं आधीच ठरलं होतं. दाखल्यासाठी कोणत्या डॉक्टरांना बोलवायचं तेही सिस्टरांनी आधीच बोलून ठेवलं होतं.

आता जे मला टोचतं ते. या बायका बाराबारा तास दुसऱ्याच्या घरात असतात आणि त्यांनी डबा कुठे बसून खायचा हे अनेक घरांत ठरलेलं नसतं. कप वेगळा ठेवणारी घरं अजून आहेत. घरातलं बाथरूम वापरू नका, खाली वॉचमनचं वापरा, असं सांगणारी आहेत. पेशंटच्या खोलीत कॅमेरा असतो, आणि अंग पुसताना तो पेशंटसाठी तरी बंद करावा हे सुचत नाही. सिस्टर पहिल्याच दिवशी पेशंटच्या हातातल्या बांगड्या, अंगठी, कानातलं लेकीच्या किंवा सुनेच्या हातून उतरवून घेतात आणि ‘मिळाले’ म्हणून वहीत सही घेतात. चोरीचा आळ किती सहज येतो हे त्यांना ठाऊक आहे. ब्यूरो घरच्यांकडून काय घेतो आणि त्यातलं हातात किती येतं हे बऱ्याच जणींना कधी कागदावर दाखवलेलं नसतं. पेशंट गेला की ड्यूटी त्याच दिवशी बंद. ज्यांची महिनोन्‌महिने पाठ पुसली त्यांच्या तेराव्याला जायचं तर तो दिवस बिनपगारी.

२०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा घरालाही कामाची जागा मानतो आणि अशा ठिकाणच्या तक्रारींसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते, हे मी ज्यांच्याशी बोलले त्या बहुतेक बायकांना माहीत नव्हतं. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात ते ठळकपणे शिकवायला हवं. कारण वॉर्डात एखादा पेशंट किंवा नातेवाईक वेडंवाकडं वागला तर इतर माणसं असतात. बंद फ्लॅटमध्ये एकटी मुलगी असते.

आणखी एक गोष्ट घरच्यांसाठी. पांढरा कोट घालून येणाऱ्या प्रत्येकीला आपण सिस्टर म्हणतो. त्यातल्या काही जीएनएम किंवा एएनएम झालेल्या, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या असतात. काहींनी काही महिन्यांचा मदतनीसाचा कोर्स केलेला असतो आणि काहींनी कोणताच नाही. अंघोळ, भरवणं, फिरवणं, सोबत ही कामं मावशी अतिशय मायेनं आणि चोख करतात. पण त्यांना ट्यूब घालायला लावणं, शिरेतून इंजेक्शन द्यायला लावणं हा पेशंटवर आणि त्या बाईवरही अन्याय आहे. बिघडलं तर दोष तिच्या माथी येतो. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. खऱ्या नर्सला त्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं.

कॉलेजमध्ये आम्हाला कम्युनिटी पोस्टिंगला बॅग देतात. बॅग जमिनीवर ठेवायची नाही, वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवायची. वरच्या कप्प्यातून साबण आणि टॉवेल आधी काढायचे, हात धुवायचे, मगच आत हात घालायचा. वापरलेलं एका बाजूला, न वापरलेलं दुसऱ्या बाजूला. त्यावर आम्ही खूप हसायचो, मार्कांसाठी करायचो. सिस्टरांना मी हे रोज करताना पाहिलं, कुणी बघत नसताना, तशाच क्रमानं. एका घरातले जंतू दुसऱ्या घरात जाऊ नयेत म्हणून. त्यांच्या बॅगेत सुयांसाठी झाकणाची जाड प्लास्टिकची बरणी असते. डायबेटिसच्या पेशंटच्या घरी इन्सुलिनच्या सुया ओल्या कचऱ्यात टाकलेल्या दिसल्या की त्या तशीच एक बरणी भरायला देतात आणि सांगतात, “वहिनी, घंटागाडीवरच्या माणसाचे हात आहेत हो.” आमच्या प्राचार्यांकडे मी अर्ज दिला आहे की शेवटच्या वर्षाच्या मुलींना काही आठवडे अशा नर्सेसच्या हाताखाली घरोघरी पाठवावं आणि त्या नर्सेसना शिक्षक म्हणून मानधन द्यावं. उत्तर यायचं आहे.

दिवाळीत घरच्या ड्यूटीवरच्या बायकांना सुट्टी मिळणं सर्वांत अवघड. बदली मिळत नाही, घरी पाहुणे असतात, आणि नेमकं तेव्हाच सिस्टरांनाही आपल्या गावी जायचं असतं. गेल्या वर्षी सिस्टरांनी महिनाभर आधी आजोबांच्या लेकीला हाताशी धरलं. सुरुवातीला ती नुसती बघायची, मग सिरिंज धरायची, मग सिस्टर खुर्चीत बसून तिला सगळं फीड स्वतः द्यायला लावायच्या आणि मध्येच विचारायच्या, “आता खोकला आला तर काय करशील?” धनत्रयोदशीला त्या कराडकडे गेल्या.

पाडव्याला दुपारी सिस्टरांना लेकीचा फोन आला. मी तेव्हा सिस्टरांना शुभेच्छा द्यायला फोन लावत होते, तो लागत नव्हता. नंतर कळलं ते असं: फीडला सुरुवात केल्यावर आजोबा खोकले. लेकीनं ताबडतोब सिरिंज खाली घेतली, नळी चिमटली, बेडची बाजू आणखी वर केली. टेपची खूण बघितली तर ती नाकापासून दोन बोटं बाहेर आलेली. तिनं नळी आत ढकलली नाही. फीड थांबवलं, श्वास मोजले, बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि मग फोन केला. सिस्टरांनी कोथरूडमधल्याच आपल्या एका मैत्रीण नर्सला कळवलं. ती पाडव्याचं जेवण अर्धवट टाकून गेली, जुनी नळी काढून नवी घातली, तपासली, संध्याकाळी पाचला फीड सुरू झालं.

भाऊबीजेनंतर सिस्टर कामावर आल्या तेव्हा मी तिथे होते. त्यांनी हात धुतले, आजोबांशी बोलून घेतलं, त्यांची पाठ बघितली आणि मग वही उघडून मधल्या दिवसांची सगळी पानं वाचली. पाडव्याच्या पानावर लेकीनं एक ते पाचमधलं सगळं ओळीनं लिहिलं होतं. तीनच्या सुमाराची कूस बदलल्याची वेळ मात्र राहून गेली होती. सिस्टरांनी तिला ती विचारली आणि तिच्याच हातानं लिहून घेतली.